जायफळी वासाचं जिरेनियम

क्लिफचं जिरेनियम एव्हरिलमुळे मेलं, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत. त्याऐवजी जानेवारीपासून मी तिच्याशी फार सौजन्याने वागत होते. माझं सौजन्य ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा, त्यापेक्षा भांडण परवडलं असं सांगतील.

एव्हरिल माझी नणंद, म्हणजे क्लिफची धाकटी बहीण. आम्ही दोघीही ओटली गावात राहतो, मी टेकडीवरच्या जुन्या घरात आणि ती नदीकडच्या फ्लॅटमध्ये. तिच्या खिडकीत प्लॅस्टिकची फुलं आहेत आणि रविवारी ती त्यांच्यावरची धूळ झटकते. अशा बाईच्या हातात मी बागेतल्या झाडांच्या काचघराची किल्ली दिली, कारण माझ्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. काम एवढंच होतं की रोज संध्याकाळी येऊन काचघरातल्या शेगडीत रॉकेल घालायचं. एका संध्याकाळी ती आलीच नाही. नेमकं त्याच रात्री कडक हिव पडलं, आणि सकाळपर्यंत आतलं सगळं काळं पडून लोळत होतं.

मी घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. "शेगडी विझली, थेल्मा. मी यायला हवं होतं."

"असू दे," मी म्हणाले.

आमच्या यॉर्कशरमध्ये 'असू दे'चे बरेच प्रकार आहेत. हा त्यातला सगळ्यात वाईट होता, आणि तो तिला बरोबर कळला.

तसं ते जिरेनियम दिसायला काही खास नव्हतं. पानं बारीक, राखाडी, फूल तर चिमणीच्या जिभेएवढं. पण पान चोळलं की जायफळाचा वास यायचा आणि त्याच्या मागून पाइनच्या लाकडाचा. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही वुस्टरकडे फिरायला गेलो होतो. तिथे हॅसलकोट नावाच्या हवेलीच्या बागेत क्लिफने त्याची एक फांदी मोडली आणि चष्म्याच्या घरात घालून खिशात टाकली. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा, मी त्याच शाळेच्या ऑफिसात. पोरांनी खडू चोरला तरी मी त्यांच्या आईला फोन करत असे. त्या दिवशी गाडीपर्यंत मी त्याच्यापासून लांब चालले, जणू हा कुणी परका गृहस्थ आहे.

"चोरलेलीच फांदी चांगली लागते, थेल्मा," तो गाडीत म्हणाला. "आणि कुणी दिली तर थँक्यू म्हणायचं नाही. रुसून मरते."

हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. शेजारीण कुंपणावरून रोप देते तेव्हा आपण "आज वारा फार सुटलाय" वगैरे काहीतरी म्हणायचं आणि रोप घेऊन आत जायचं. मला ते फार जड जातं. मी बसच्या ड्रायव्हरला थँक्यू म्हणते, पोस्टमनला म्हणते, दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडलं तर त्यालाही एकदा म्हटलं होतं. क्लिफने ती गोष्ट सगळ्या गावाला सांगितली.

तर ती फांदी लागली. दर ऑगस्टमध्ये तो तिच्याच नव्या फांद्या लावायचा, त्यामुळे झाड म्हातारं व्हायचंच नाही. जेवायला बसण्याआधी तो काचघरात जाऊन एक पान चोळून यायचा आणि त्याच्या बोटांना तो वास असायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला. मग जेवणाआधी मी जायला लागले. जायफळी वासाची जिरेनियमं नर्सरीत मिळतात, या वसंतात मी दोन आणून पाहिली. त्यांना जायफळाचा वास आहे, पण मागचा लाकडाचा नाही. मला लाकडाचाच हवा होता.

मे महिन्यात एव्हरिल एक माहितीपत्रक घेऊन आली. वुस्टर, ट्यूक्सबरी, लेडबरी, तीन दिवसांची बसची सहल, ऑगस्टच्या शेवटी. "मला जुनी चर्चं बघायची आहेत," ती म्हणाली. ही बाई लग्नानंतर चर्चमध्ये फक्त केक विकायला गेलेली आहे. मी नाही म्हणणारच होते, तेवढ्यात खालची ओळ दिसली. शेवटच्या दिवशी, परत निघताना, हॅसलकोटची बाग.

"तुला एवढी हौस असेल तर येते मी सोबतीला," मी म्हणाले.

"उपकार झाले," एव्हरिल म्हणाली.

मी पर्समध्ये नखं कापायची कात्री, थोडा स्वयंपाकघरातला कागद आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. पंचाहत्तराव्या वर्षी मी चोरी करायला निघाले होते आणि त्याबद्दल मला जराही लाज वाटत नव्हती. भीती मात्र वाटत होती. ती फांदी मिळाली नाही तर तो वास या जगात मला पुन्हा कुठे मिळणार, हे मला माहीत नव्हतं.

बसमध्ये पहिल्या दिवशी जिथे बसाल ती जागा शेवटपर्यंत तुमची. असा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. आम्हाला डावीकडची मधली जागा मिळाली. रसेल नावाचा ड्रायव्हर होता, गोल चेहऱ्याचा आणि आनंदी. "चला पोरींनो, सीटबेल्ट," असं तो सत्तरीच्या बायकांना म्हणायचा आणि बायका खूश व्हायच्या. एव्हरिलने थर्मास उघडला. तिचा चहा म्हणजे गरम केलेलं गढूळ पाणी.

"छान आहे," मी सौजन्याने म्हणाले.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झाकण लावलं.

ट्यूक्सबरीत पाऊस भुरभुरत होता. ॲबीतले, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चमधले, जाडजूड खांब पाहून झाले, छत मान मोडेपर्यंत पाहून झालं. एव्हरिल सगळा वेळ एका बाकावर बसून पेपरमिंट चघळत होती.

"चर्च बघायचं होतं ना तुला?" मी विचारलं.

"बघतेय की. इथून सगळं दिसतं."

लेडबरीच्या दगडी बोळात दोन्ही बाजूंची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घरं एकमेकांवर रेललेली आहेत. क्लिफ असता तर प्रत्येक तुळईवर हात फिरवत बसला असता आणि आमची बस चुकली असती. हे मी एव्हरिलला सांगणार होते. ती त्याच क्षणी एका दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभी होती, अगदी त्याच्यासारखाच तळहात पसरून.

चहाच्या दुकानात आमच्यासमोर स्कोन आले, म्हणजे जॅम आणि साय लावून खायचे छोटे गोडसर पाव. एव्हरिलने आधी साय लावली.

"आधी जॅम लावतात," मी म्हणाले.

"हे तू मला गेली चाळीस वर्षं सांगते आहेस."

"आणि तू चाळीस वर्षं चुकते आहेस."

"भांड ना मग," ती एकदम म्हणाली. चेहरा थट्टेचा होता, आवाज नव्हता. "एकदा नीट भांड माझ्याशी, थेल्मा. साय फेकून मार हवं तर."

"असू दे," मी म्हणाले आणि चहा ओतला.

हॉटेलात तिच्या वागण्याने मला तोंड लपवायची पाळी आली. नाश्त्याच्या टेबलावर मार्मालेडच्या छोट्या कुप्या असतात, त्यातल्या तिने मूठभर पर्समध्ये टाकल्या. मग टीबॅग. शेवटच्या सकाळी खोलीतला तोंड पुसायचा छोटा टॉवेलही तिच्या बॅगेत जाताना मी पाहिला.

"एव्हरिल, हॉटेलचा टॉवेल आहे तो."

"ओला आहे. वाळला की आठवण येईल हॉटेलची."

ही माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण, मी मनात म्हटलं. माझ्या पर्समधली कात्री तेव्हा मला आठवली नाही. आपली चोरी आपल्याला चोरी वाटत नाही.

हॅसलकोटला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. फाटकाशीच एव्हरिलने पोट धरलं. "ती कालची साय. तू हो पुढे, मी जरा जाऊन येते," असं म्हणून ती शौचालयाच्या पाटीकडे निघून गेली. मला बरंच वाटलं. तिच्या देखत मला कात्री काढायची नव्हती. बागेची माहिती सांगणाऱ्या बाईंनी मात्र सगळ्यांना सूर्यघड्याळापाशी अडवलं आणि ते चुकीची वेळ का दाखवतं हे सविस्तर सांगितलं. मधूनच निघून जाणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. मी शेवटपर्यंत थांबले, प्रश्नही विचारला आणि मग काचघराकडे गेले. खुबा ठणकत होता.

जिरेनियम तिथेच होतं, दाराजवळच्या फळीवर, मातीच्या कुंडीत. म्हातारं, लाकडासारखं खोड आणि वर मोजक्या हिरव्या फांद्या. मी पान चोळलं. जायफळ, आणि मागून लाकूड. मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं. एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बिल्ला लावलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बिल्ल्यावर नाव होतं, पर्किस. अशा बागांमधून निवृत्त माणसं हौसेने राखण करतात, त्यातले ते होते.

"सुंदर दिवस आहे," ते म्हणाले.

"फारच. काल पाऊस होता."

"काल होता खरा."

मग ते उठले, झारी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून पलीकडच्या अंजिराला पाणी घालू लागले. माझी बोटं पर्समध्ये कात्रीवर होती. काचघरात दुसरं कुणी नव्हतं. झारीच्या पाण्याचा आवाज चालू होता आणि तो चांगला बराच वेळ चालू राहिला. कुणालाही कळलं असतं की अंजिराला एवढं पाणी लागत नाही. मला कळलं नाही. शाळेच्या ऑफिसात जन्म गेलेल्या बाईला माणूस पाठमोरा असताना चोरी करता येत नाही. मी घसा साफ केला.

"माफ करा. तुम्हाला त्रास देते. यातली एक छोटी फांदी मी घेतली तर चालेल का?"

पाण्याचा आवाज थांबला. पर्किस वळले तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला होता की मलाच त्यांची दया आली.

"अरेरे," ते म्हणाले. "विचारलंत तुम्ही."

"विचारायला नको का?"

"बाई, मी अंजिराला पाणी घालत होतो. मी तिथे बराच वेळ पाणी घालतो. लोक येतात, वास घेतात, जातात. मला काही दिसत नाही. पण विचारलंत म्हटल्यावर मला नाहीच म्हणावं लागतं. नियम आहे. आणि आता इथे उभंही राहावं लागणार." ते येऊन कुंडीशेजारी उभे राहिले. "माफ करा हं."

"नाही, नाही. माझंच चुकलं. माफ करा."

"तुमचं काय चुकलं? मीच माफी मागतो."

असं आम्ही काही वेळ केलं. मग त्यांनी बोटाने एक कापलेलं टोक दाखवलं. "तशीही नेण्यासारखी एकच कोवळी फांदी होती, आणि तीही आत्ताच कुणीतरी नेली. बघा, काप अजून ओला आहे."

मी पाहिलं. काप ओला होता.

"थँक्यू," मी म्हणाले आणि बाहेर आले. बागेच्या दुकानात साबण होते, टॉवेल होते, सूर्यघड्याळाचं चित्र असलेले कप होते. जिरेनियम नव्हतं. एव्हरिल फाटकाजवळच्या बाकावर सँडविच खात बसली होती. पोट एकदम बरं झालेलं दिसत होतं.

बस निघाली. मॅल्व्हर्नच्या टेकड्या मागे पडल्या. मग मला राहवेना.

"क्लिफचं जिरेनियम तिथलं होतं," मी म्हणाले. "मी फांदी आणायला आले होते, एव्हरिल. चर्चं बघायला नाही."

"हो का?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"आणि कुणीतरी माझ्याआधी येऊन कापून नेली. एकच तर होती. काय माणसं असतात. एखाद्या बाईने नेली असेल, घरी नेऊन विसरेल, पर्समध्येच वाळून जाईल. तिला त्याचं काय? तिचा नवरा थोडाच रोज..." मी पर्समधल्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. "चोरटी मेली," मी म्हणाले. असं मी कुणाबद्दल बोलत नाही. पुढच्या सीटवरच्या बाईंनी हळूच मागे वळून पाहिलं.

एव्हरिलने बॅग उघडली. मार्मालेडच्या कुप्या बाजूला सारून तिने एक हिरवी साबणाची डबी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी झाकण उघडलं. आत हॉटेलचा तो ओला टॉवेल होता आणि त्यात गुंडाळलेली एक फांदी. पेराच्या खाली सरळ कापलेली, खालची पानं काढून टाकलेली, जशी क्लिफ काढायचा.

वास आला. मी झाकण लावलं, कारण तो वाया जाऊ नये असं वाटलं.

"तुझ्याकडे तर प्लॅस्टिकची फुलं आहेत," मी म्हणाले.

"त्यांना पाणी घालायला विसरलं तरी चालतं."

"पेराखाली कापायचं हे तुला कसं माहीत?"

"माझा भाऊ होता तो. लहानपणापासून फांद्या कापताना मीच टोपली धरायचे." ती अजून बाहेरच बघत होती. "तुला सांगितलं असतं तर तू मला चोरू दिलं नसतंस. विचारायला गेली असतीस."

डबी दोन्ही हातांत धरून मी बसले. मग जे जानेवारीत विचारायचं होतं ते विचारलं.

"त्या रात्री शेगडी भरायला तू का आली नाहीस, एव्हरिल?"

"ऑपरेशननंतर तुझं ब्लडप्रेशर फार खाली गेलं होतं. दुपारी भेटायला आले तर नर्सने सांगितलं, आत जाता येणार नाही, घरी जा. गेले नाही. वॉर्डाबाहेर एक खुर्ची होती, तिच्यावर बसले. सकाळी त्या म्हणाल्या, आता ठीक आहे. तेव्हा मला शेगडी आठवली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू झोपली होतीस."

"नंतर तरी सांगायचंस. एवढे महिने मी तुझ्यावर धुमसत होते."

"माहीत आहे मला. सौजन्याने वागत होतीस." तिने नाक पुसलं. "काय सांगणार? रात्रभर बसले होते बाई, आता आभार मान? झाडं तर मेलीच होती. आधी क्लिफ गेला, मग तू तशी पडलेली. मला शेगडी सुचली नाही, थेल्मा. एवढंच."

मला लाज वाटली आणि तिची माया आली, दोन्ही एकदम, आणि त्यातलं काहीही कसं बोलतात हे मला शिकवलेलं नाही. जे शिकवलंय ते जिभेच्या टोकावर आलं. पण डबी मांडीवर होती. मी तोंड घट्ट मिटलं. एव्हरिलने ते पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"आज वारा फार सुटलाय," मी म्हणाले.

"फारच," ती म्हणाली आणि थर्मास उघडला.

"तुझा चहा म्हणजे गढूळ पाणी आहे, एव्हरिल. पहिल्यापासून आहे."

"हं. आता कसं बरं वाटलं," ती म्हणाली आणि मला कपभर दिला. मी सगळा प्यायले.

मोटरवेवरच्या थांब्यावर रसेलने बस लावली. "पोरींनो, पाय मोकळे करून या." सगळे कॉफीच्या दुकानाकडे निघाले. मी डबी पर्समध्ये ठेवली, पर्स सीटवर ठेवली आणि वरून कोट पांघरला. मग एव्हरिलचा दंड धरून तिला खाली उतरवलं.

"कॉफी तिकडे आहे," ती म्हणाली.

"चल गुपचूप."

मी तिला गाड्यांच्या रांगांमधून नेलं. खुबा ठणकत होता, तरी मी थांबले नाही. ट्रक उभे करतात त्या टोकापर्यंत गेलो. तिथे इंजिनांचा इतका आवाज होता की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. मी वळून पाहिलं. आमची बस लांब होती आणि तिच्या खिडक्या बंद होत्या.

"थँक्यू," मी म्हणाले.

एव्हरिल दचकली. तिने आधी बसकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "कशाबद्दल?" तिने जपून विचारलं.

"वॉर्डाबाहेरच्या खुर्चीबद्दल," मी म्हणाले. "दुसऱ्या कशाबद्दल मी काहीही बोललेले नाही."